गुरगुरणाऱ्या गाण्यांना दिलेली ६७ मिनिटं

 

या सदरात आपण एरवी पुस्तकं, सिनेमे, वेबसिरीज यांवर गप्पा मारतो. आजचा विषय मात्र जरा मोठ्या आवाजाचा आहे. आयुष्यात कधी ऐकायचा नाही असं मी न ऐकताच ठरवून टाकलेल्या एका अल्बमबद्दल आज सांगणार आहे. घाबरू नका, 'तुम्हीही ऐकाच' असा आग्रह शेवटी करणार नाही. मला स्वतःला तो अर्धाच आवडलाय. पण तो ऐकावा का लागला ही गोष्ट तुमच्याही घरात घडू शकते, म्हणून आजचा लेख.

सुरुवात माझ्या मावशीपासून. मावशी देवासला राहते आणि आम्ही इंदूरला. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, सध्या आमच्याकडे राहून नीटची तयारी करतोय. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं. तेव्हापासून घरातला प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट घेण्याआधी त्याला विचारतो, "मग, आता पुढे काय?" आणि तो हसून "बघू" म्हणतो आणि खोलीत निघून जातो.

गेल्या महिन्यात मावशी दोन दिवस राहायला आली होती. रात्री पाणी प्यायला उठली आणि त्याच्या खोलीतून येणारा आवाज ऐकून थबकली. त्या दिवशी हेडफोन नीट जोडला गेला नव्हता म्हणे. सकाळी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अगं, ते गाणं होतं की कुणी उलट्या करत होतं?"

मी हसले. ती हसली नाही. पोहे परतता परतता हळूच म्हणाली, "तू इंग्रजीत बीए केलंयस ना, जरा ऐकून बघ ना काय म्हणतो तो गाणारा. जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल नाही ना गं काही?"

त्या प्रश्नानंतर माझंही हसू थांबलं.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या दारावर टकटक केलं. "मला तुझं ते गुरगुरणारं संगीत ऐकायचंय. एकच अल्बम सांग."

त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग म्हणाला, "ताई, अट आहे. पूर्ण ऐकायचा, एका बैठकीत, हेडफोन लावून. मध्ये मोबाईल बघायचा नाही. आणि ऐकून झाल्यावर खरं बोलायचं. उगीच 'छान आहे हं' म्हणायचं नाही."

अल्बमचं नाव 'ब्लॅकवॉटर पार्क'. बँडचं नाव 'ओपेथ'. लांबी ६७ मिनिटं. गाणी फक्त आठ!

हे ओपेथ म्हणजे कोण?

ऐकायच्या आधी थोडा अभ्यास केला, तोही सांगते. म्हणजे माझ्यासारखे कोरे असाल तर तुम्हालाही उपयोग होईल.

डेथ मेटल हा प्रकार १९८० च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः फ्लोरिडामध्ये मोठा झाला. तिथला चक शुल्डिनर हा गिटारवादक आणि त्याचा 'डेथ' नावाचाच बँड हे यातलं महत्त्वाचं नाव. त्यांचा पहिला अल्बम १९८७ चा. अतिवेगवान ड्रम, खाली उतरवलेल्या सुरातली जाड गिटार आणि गुरगुरणारा आवाज ही या संगीताची ओळख. विषय बहुतेक मरण, प्रेतं, रक्त. थोडक्यात, आपल्याकडच्या रात्री उशिराच्या भुताच्या मालिकांची आवड असलेली मुलं गिटार शिकली तर जे होईल ते.

प्रोग्रेसिव्ह रॉक हा याच्या बराच आधीचा प्रकार. १९६९ च्या आसपास इंग्लंडमध्ये किंग क्रिमसन, पुढे येस आणि जेनेसिस अशा बँडनी रॉकची गाणी लांबवली. एकाच गाण्यात चार-पाच वेगवेगळे भाग, अवघड ताल, मध्येच शांतता, मध्येच वादळ. तीन मिनिटांत मुखडा-अंतरा-मुखडा संपवायची घाई नाही.

ही दोन टोकं एकत्र आली की प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल. हे काही ओपेथने पहिल्यांदा केलं नाही. चक शुल्डिनरचा स्वतःचाच १९९१ चा 'ह्यूमन' हा अल्बम त्या दिशेने गेला होता. त्यात वाजवणाऱ्या दोघांच्या 'सिनिक' या बँडने १९९३ मध्ये 'फोकस' काढला आणि त्यात चक्क जॅझ मिसळलं.

ओपेथ हा स्वीडनचा, स्टॉकहोमचा बँड. १९९० मध्ये सुरू झाला. नाव विल्बर स्मिथच्या 'द सनबर्ड' या कादंबरीतल्या एका शहरावरून घेतलेलं. २००१ साली आलेला 'ब्लॅकवॉटर पार्क' हा त्यांचा पाचवा अल्बम, आणि त्याचं नाव सत्तरच्या दशकातल्या एका जर्मन बँडवरून घेतलेलं. म्हणजे नावांच्या बाबतीत मंडळी उसनवारीवर खूश आहेत!

गातो, गिटार वाजवतो आणि बहुतेक सगळं लिहितो तो मिकाएल ओकरफेल्ट. दुसरी गिटार पीटर लिंडग्रेनची, बास मूळच्या उरुग्वेच्या मार्टिन मेंडेसचा आणि ड्रम मार्टिन लोपेझचे. रेकॉर्डिंग २००० साली गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये झालं. तेव्हा ओकरफेल्ट २६ वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. मी या वयात ऑफिससाठी 'गुडघेदुखीवर सात सोपे उपाय' लिहिते. असो.

आणखी एक माणूस महत्त्वाचा, तो म्हणजे इंग्लंडचा स्टीव्हन विल्सन. 'पॉर्क्युपाइन ट्री' या बँडचा प्रमुख. या अल्बमच्या निर्मितीत तो पहिल्यांदाच ओपेथबरोबर आला. पियानो, थोडी गिटार आणि मागचे मऊ आवाज ही त्याची भर. मुंबईकर वाचकांपैकी काहींना आठवत असेल, हाच पॉर्क्युपाइन ट्री २००९ च्या डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोमध्ये वाजवून गेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ओपेथ आयआयटी मद्रासच्या सारंग महोत्सवात येऊन गेला होता. म्हणजे हे सगळं आपल्यापासून वाटतं तितकं लांब नाही.

प्रत्यक्ष ऐकताना

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी त्याच्या खोलीत जमिनीवर बसले. तो अभ्यासाच्या टेबलाशी, पाठ माझ्याकडे करून. माझ्या कानावर त्याचे मोठे हेडफोन. मुखपृष्ठावर करड्या धुक्यातली निष्पर्ण झाडं आणि भुतांसारख्या आकृत्या. मनात म्हटलं, घ्या, झाली सुरुवात.

पहिलं गाणं 'द लेपर ॲफिनिटी', दहा मिनिटांहून मोठं. आधी लांबून काहीतरी घोंगावत जवळ येतं आणि मग एकदम गिटार कोसळतात. मग तो आवाज. मावशीचं वर्णन मला आठवलं आणि खरं सांगते, मला ते अगदी योग्य वाटलं. एक शब्द कळेना. इंग्रजी साहित्याची पदवी त्या क्षणी शून्य उपयोगाची.

चार-पाच मिनिटं मी दात आवळून बसले होते. मग मध्येच तो गुरगुरणारा माणूस गायला लागला. म्हणजे खरंच गायला, स्वच्छ, मऊ, थोड्या उदास आवाजात. मी मागे वळून भावाकडे पाहिलं आणि खुणेने विचारलं, हा दुसरा कोण? तो म्हणाला, "तोच आहे." आणि गाणं संपतं एकट्या पियानोवर. जणू आधीची सगळी मारामारी शेजारच्या घरात झाली होती.

दुसऱ्या 'ब्लीक'मध्ये पुन्हा तेच. आधी गुरगुर, मग विल्सन आणि ओकरफेल्ट यांचे स्वच्छ आवाज. सूर कानात राहणारा आहे, मी नंतर भांडी लावताना तो गुणगुणत होते आणि आईने विचारलं, हे कुठलं नवीन? मी विषय बदलला.

तिसरं 'हार्वेस्ट'. सहा मिनिटांचं, अकूस्टिक गिटारवरचं, यात गुरगुरणं अजिबात नाही. मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं गाणं आहे, पण त्यात आरडाओरडा नाही, समजूत आहे. हे गाणं तुम्ही आजीलाही ऐकवू शकता. शब्दांचा अर्थ सांगू नका एवढंच.

चौथं 'द ड्रेपरी फॉल्स', जवळजवळ अकरा मिनिटं. याला म्हणे चाहते फार मानतात. इथे मी पहिल्यांदा घड्याळ पाहायला विसरले. सुरुवातीला एक गिटार लांबवर तरंगत राहते, तिच्यावर मऊ आवाज येतो, आणि बऱ्याच वेळाने जेव्हा तो जाड आवाज येतो तेव्हा तो मला दचकवत नाही. का, ते कळायला मला गाणं पुन्हा ऐकावं लागलं. तोपर्यंत गाण्याने आपल्याला इतकं खाली उतरवलेलं असतं की आता तिथे हाच आवाज असणार, असं वाटतं.

मग 'डर्ज फॉर नोव्हेंबर', त्याबद्दल नंतर सांगते. 'द फ्युनरल पोर्ट्रेट' मात्र माझ्या डोक्यावरून गेलं. अकूस्टिक गिटारवर वाजलेली गोष्ट जाड गिटारवर पुन्हा येते, हे हुशारीचं आहे, पण मला त्यात फक्त हुशारीच दिसली. 'पॅटर्न्स इन द आयव्ही' हा दोन मिनिटांचाही नसलेला गिटार-पियानोचा छोटा तुकडा, अगदी जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा. आणि शेवटी अल्बमच्याच नावाचं बारा मिनिटांचं गाणं, ज्यात सुरुवातीची चार मिनिटं झाल्यावर माझं लक्ष समोरच्या भिंतीवरच्या पीरियॉडिक टेबलकडे गेलं होतं.

माझ्या तक्रारी

खरं बोलायचं कबूल केलं होतं, म्हणून तक्रारी आधी.

पहिली, लांबी. प्रत्येक वेळी लांब असणं म्हणजे खोल असणं नव्हे. काही गाण्यांत एक भाग संपून दुसरा सुरू होतो तेव्हा वाट वळल्यासारखं वाटतं, आणि काहींत चॅनल बदलल्यासारखं. शांत भाग, मोठा भाग, शांत भाग, मोठा भाग, हे तिसऱ्या-चौथ्या वेळी आधीच ओळखता यायला लागतं. एकदा ओळखता आलं की दचकायला होत नाही.

दुसरी, शब्द. मी ते शोधून नीट वाचले. मावशीला वचन दिलं होतं ना. धुकं, हिवाळा, पाप, प्रेत, पश्चात्ताप. स्वीडिश माणसाने इंग्रजीत लिहिलंय म्हणून मी सूट द्यायला तयार आहे, पण बऱ्याच ठिकाणी शब्द अर्थापेक्षा वातावरणासाठी आलेत. आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकात पहिल्या वर्षाची मुलं ज्या कविता लावायची, त्यांची ही सख्खी भावंडं.

तिसरी, या संगीताच्या चाहत्यांचा थोडा आगाऊपणा. "तुला नाही कळणार" हे वाक्य आमच्या भावाने दोनदा वापरलं. कुठल्याही कलेच्या दाराशी ही पाटी लावली की मला तिथून परत फिरावंसं वाटतं.

भावाने तिन्ही तक्रारी ऐकल्या. लांबीवर वाद घातला, शब्दांवर गप्प बसला आणि तिसरीवर "सॉरी" म्हणाला.

मग तो गुरगुराट?

माझी सगळ्यात मोठी तक्रार खरं तर हीच असायची. शब्दच कळत नसतील तर गाता कशाला? हा प्रश्न मी मोठ्या तोऱ्यात मावशीसमोर मांडला, कारण मला वाटलं ती माझ्या बाजूने असेल. पण बोलता बोलता मीच अडकले. मावशी देवासची. कुमार गंधर्व ज्या गावात राहिले त्या गावची, आणि त्याचा तिला कोण अभिमान! मी विचारलं, "मावशी, विलंबित ख्यालातले शब्द तुला पहिल्यांदा ऐकताना कळले होते?"

ती एकदम म्हणाली, "कुमारजींचं नाव यात आणू नकोस हं!"

बरोबर आहे तिचं, तुलना तशी नाहीच. ख्यालात शब्द सुरासाठी वितळतो, इथे तो चिरडला जातो. पण शब्द कळल्याशिवाय गाणं कळत नाही, हे माझं म्हणणं मात्र तिथेच पडलं. आपण सगळेच कितीतरी गाणी शब्द न कळता ऐकतो. तराण्यात तर अर्थाचे शब्द शोधायला कुणी जातही नाही.

हा आवाज काढतात कसा, हेही मी पाहिलं. आपल्या घशात बोलायच्या स्वरपट्ट्यांच्या थोड्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोट्या स्वरपट्ट्या म्हणतात. एरवी बोलताना त्या गप्प असतात. श्वासाचा नीट दाब देऊन त्या थरथरवल्या की हा जाड, खर्जातला आवाज येतो. नुसतं घसा फाडून ओरडणं म्हणजे हे नव्हे. तसं करणाऱ्याचा घसा काही दिवसांत बसेल. गंमत म्हणजे मंगोलियाच्या शेजारच्या तुवा प्रदेशातले गायक त्यांच्या कार्गिरा या गायनप्रकारात याच घड्या वापरतात. धरमशालेजवळच्या ग्युतो मठातल्या तिबेटी भिक्षूंचं खोल खर्जातलं मंत्रपठणही याच कुळातलं मानलं जातं. कधी तिकडे फिरायला गेलात तर ऐका. तिथे आपण हात जोडून उभे राहतो, आणि मुलाच्या खोलीतून तसाच आवाज आला की दार वाजवतो!

आणि आपल्या कोकणातला दशावतार आठवा. राक्षस रंगमंचावर येतो तो गोड आवाजात 'नमस्कार मंडळी' म्हणत नाही. तो गर्जत येतो, पोरं आईच्या पदराआड लपतात, आणि तरीही पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या रांगेत बसतात. ओकरफेल्टचा जाड आवाज मला शेवटी असाच कळला. तो राक्षसाचा प्रवेश आहे. मऊ आवाजातला माणूस आणि हा राक्षस एकाच अंगात राहतात, एवढंच ते गाणं सांगतं.

हा माझा शोध नाही, बरं का. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर अख्खा मेटल अल्बम काढला आणि त्याचं नावच 'दशावतार' ठेवलं.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर

आता मूळ मुद्दा. असं संगीत ऐकून मुलं बिघडतात का?

ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक विषयांच्या संगीताचे ३२ चाहते आणि ४८ इतर लोक घेतले. त्यांना एक डेथ मेटल गाणं आणि फॅरेल विल्यम्सचं 'हॅपी' ऐकवलं. त्याच वेळी एका डोळ्याला हिंसक चित्र आणि दुसऱ्या डोळ्याला साधं चित्र दाखवलं. आपला मेंदू सहसा धोक्याच्या चित्राकडे आधी वळतो. चाहते हिंसेला सरावले असते तर ते कमी वळले असते. पण ते इतरांसारखेच वळले. त्यांची मनं बोथट झालेली दिसली नाहीत. गंमत म्हणजे त्यातलं डेथ मेटल गाणं 'ब्लडबाथ' या स्वीडिश बँडचं होतं, आणि या बँडच्या पहिल्या अल्बमवर गायला होता आपला ओकरफेल्टच.

आता ऐंशी माणसांच्या एका अभ्यासावरून सगळ्या जगातल्या मुलांबद्दल निकाल देता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी दुसरा, साधा मार्ग धरला. मी भावालाच विचारलं.

त्या रविवारी अल्बम संपल्यावर मी म्हटलं, "मला 'हार्वेस्ट' आणि 'ड्रेपरी' आवडलं. तुझं सगळ्यात आवडतं कुठलं?"

"डर्ज फॉर नोव्हेंबर."

ते गाणं मऊ आवाजात सुरू होतं, मध्ये जड होतं, आणि मग सगळं थांबून शेवटी बराच वेळ फक्त एक शांत गिटार वाजत राहते. मला ते जरा अपूर्ण वाटलं होतं. मी म्हटलं, "त्याच्या शेवटी तर काहीच होत नाही."

तो म्हणाला, "म्हणूनच. सगळे मला विचारतात पुढे काय, पुढे काय. या गाण्यात शेवटी पुढे काहीच नसतं. नुसतं बसायचं असतं."

माझ्याकडे यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी नुसती बसले. थोड्या वेळाने, मावशीच्या काळजीने मनात ठेवलेला प्रश्न मी सरळ विचारला, "तुला कधी जिवाचं काही करावंसं वाटतं का?" असा प्रश्न विचारताना जीभ किती जड होते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "नाही ताई. कंटाळा येतो. भीती वाटते, पुन्हा हुकलं तर. पण तसं नाही. वाटलं तर तुला सांगेन."

मग आम्ही बरंच बोललो. संगीताबद्दल नाही, इतर. किती महिन्यांनी, मला आठवत नाही.

रात्री मी मावशीला फोन केला. "गाण्यात मरण आहे, मावशी, भरपूर आहे. पण तुझा मुलगा ते ऐकून मरणाचा विचार करत नाहीये. तो ते ऐकून श्वास घेतोय." ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "मग कानाला त्रास होणार नाही एवढ्या आवाजात घ्यायला सांग तो श्वास."

पालकांसाठी एवढंच सांगते. मूल काय ऐकतं यापेक्षा ते जेवतंय का, झोपतंय का, मित्रांशी बोलतंय का, आवडत्या गोष्टींत रमतंय का, याकडे पाहा. तिथे काही बदललं असेल तर गाण्यांची यादी तपासत बसू नका, मुलाशी बोला आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, तीही लक्षात ठेवा.

तर माझा निकाल?

अर्धा होकार. पाच गाणी माझ्या यादीत राहिली, तीन भावाला साभार परत. पहिल्यांदाच ऐकणार असाल तर 'हार्वेस्ट'पासून सुरुवात करा, मग 'पॅटर्न्स इन द आयव्ही', मग धीर झाला की 'द ड्रेपरी फॉल्स'. त्या अकरा मिनिटांनंतरही नाही आवडलं तर खुशाल बंद करा, तुमच्यात काही कमी नाही. गुरगुराट अजिबातच नको असेल तर याच बँडचा २००३ चा 'डॅम्नेशन' ऐका, त्यात तो नाहीच. ओकरफेल्टने स्वतःच २०११ च्या 'हेरिटेज'पासून तो जाड आवाज बाजूला ठेवला होता. अनेक वर्षं चाहते त्याची वाट पाहत होते. शेवटी २०२४ च्या अल्बममध्ये तो परत आला. आणि खरं सांगू? ही बातमी वाचून भाऊ जितका खूश झाला होता, त्याच्या निम्मी तरी मीही झाले.

आता आमच्याकडे नवा नियम आहे. रविवारी दुपारी एक अल्बम त्याचा, एक माझा. गेल्या रविवारी मी त्याला आशाताईंची गझल ऐकवली. ऐकून झाल्यावर त्याने खरं बोलायची अट पाळली आणि म्हणाला, "ताई, छान आहे, पण ड्रम कुठेत?"

मी उशी फेकून मारली.

तुमच्या घरातल्या बंद दारामागे सध्या कुठलं गाणं वाजतंय? एकदा आत जाऊन बसा, पूर्ण ऐका, आणि मग काय झालं ते मला नक्की कळवा. भेटू या पुढच्या लेखात!